रोहनचं काम स्पीकरला शिकवा

मित्रांनो, आज डोकं जाम तापलंय, म्हणून इथे लिहितोय.

कॉलेज अर्धवट सोडल्यापासून मिळेल ते काम करतोय. सध्या एका कंपनीसाठी घरोघरी जाऊन विचारतो, की आवाजावर चालणाऱ्या स्पीकरला अजून काय यायला हवं. आज जेसल पार्कातल्या इमारतींत होतो. पहिल्याच घरी डोंगरी गावाहून लेकीकडे आलेली आजी म्हणाली, "मी काय बोलते ते त्याला कलत न्हाय. आधी आमची भाषा शिकवा त्याला."

पुढचं दार पूजाने उघडलं. कॉलेजात आम्ही एकाच वर्गात होतो. मला ती अजून आवडते, हे तिला सोडून सगळ्यांना माहितीये.

"तू? बस, चहा टाकते."

चहा घेता घेता मी प्रश्न विचारला. ती म्हणाली, "हाक मारल्याशिवाय हा बोलतच नाही रे. मी गप्प असले तर का गप्प आहेस, हे याने आपणहून विचारावं."

पुढचा प्रश्न ठरलेला असतो: सध्या हे काम कोण करतं?

"रोहन," ती लगेच म्हणाली. वर हसली.

रोहन म्हणजे तिच्या ऑफिसातला, तिला बाइकवर घरी सोडणारा. उत्तर जसंच्या तसं लिहायचं असतं, त्यामुळे ते नाव मला माझ्याच हाताने टाइप करावं लागलं. चहा अर्धा ठेवून उठलो.

कंपनीवाल्यांनो, बाकी सगळं राहू द्या, आधी स्पीकरला हेच शिकवा. रोहनला काम उरायला नको.

रिक्षात बसल्यावर मात्र सुचलं, की तिने हाक मारायची वाट बघत मीही गप्पच बसलोय.

आता आपणहून विचारलं, तर फार उशीर झालाय का रे?