डावीकडून पाचवा खांब

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी व्हर्डेल क्रेनशॉ फोटोंच्या पाठी वाचत बसली होती. फोटो हातात आला की ती आधी पालथा करायची. मागच्या बाजूला तारखेचा शिक्का, चिकटवलेल्या मजकुराची पिवळी पट्टी, किती कॉलमांत लावायचा त्याची लाल पेन्सिलीतली खूण. मग पुढची बाजू. पुढची बाजू फसवू शकते हे तिला इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं, कारण एकोणतीस वर्षं ते काम तिनंच केलं होतं.

१९५० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ती मोबील शहराच्या ‘लँटर्न’ साप्ताहिकात लागली. ‘लँटर्न’ काळ्या वस्तीचं पत्र होतं आणि त्याचा कागद स्वस्तातला. त्या कागदावर काळ्या माणसाचा चेहरा शाईच्या डागासारखा उतरायचा. म्हणून छपाईआधी फोटो व्हर्डेलच्या टेबलावर यायचे. बारीक कुंचल्यानं ती गालाची कड उजळायची, टोपी आणि मागची भिंत वेगळी करायची. नागरी हक्कांच्या चळवळीतले पुढारी मोबीलला आले, त्यांचे फोटो निघाले, की आधी तिच्या कुंचल्याखालून जायचे आणि मग गावात.

दुसरं काम होतं माणसं पुसण्याचं, त्यांच्यावर रंग चढवून. सभेला गेलेला फोटोत दिसला की गोऱ्यांकडची नोकरी गेलीच. अंत्यसंस्कारवाले, न्हावी, धर्मगुरू यांना धास्ती नव्हती. त्यांचं गिऱ्हाईक आपल्यातलंच. शाळाशिक्षकांचं तसं नव्हतं. पगार गोऱ्यांच्या शिक्षण मंडळाचा, आणि मंडळ ‘लँटर्न’ नेमानं वाचायचं. त्यामुळे बुधवारी छपाईआधी कुणीतरी मागच्या दारानं यायचं आणि हळू आवाजात सांगायचं, ‘मी त्यात आहे.’ व्हर्डेल मान हलवायची. कुणाला पुसलं ते कुठेही लिहायचं नाही, असा संपादकांचा दंडक होता. लिहिलेलं आज ना उद्या कुणीतरी वाचतंच, असं ते म्हणत.

आता १९९७ साल होतं. ‘लँटर्न’ बंद पडून अठरा वर्षं झाली होती. शेवटच्या वर्षी वादळात कार्यालयात पाणी शिरलं आणि निगेटिव्ह गेल्या. उरलेले फोटो माउंट हेब्रन चर्चच्या तळघरात आले. मंगळवारी आणि गुरुवारी व्हर्डेल तिथे येऊन पाठी वाचायची आणि लोरेंझो बिग्ज तिनं सांगितलेलं नोंदवून घ्यायचा. लोरेंझो पंचेचाळिशीचा, संग्रहाचं सगळं काम त्याच्याकडे. रविवारी चर्चच्या सभागृहात प्रदर्शन उघडायचं होतं. मधल्या भिंतीवर १९५७च्या फेब्रुवारीतला मोठा फोटो लागणार होता: युनियन हॉलचं व्यासपीठ, बोलायला उठलेले रेव्हरंड ॲब्सलम पेटवे, मागे खुर्च्यांवर अकरा माणसं. त्या अकरांची नावं भिंतीवर लागायची होती.

दहाच्या सुमारास जिन्यावर काठी वाजली.

“किती पायऱ्या केल्यात रे या? वर स्वर्ग, खाली तुम्ही. मधल्यांनी काय करायचं?”

मिस अल्थीया ड्यूबोस. वय चौऱ्याऐंशी, हॅट, हातमोजे. पाचवीत त्यांनी व्हर्डेलला शिकवलं होतं. व्हर्डेल सदुसष्ट वर्षांची झाली तरी त्या आल्या की उभी राहायची, तशी आताही राहिली.

“बस. उभं राहून तुझं अक्षर कधी सुधारलं नाही,” मिस अल्थीया म्हणाल्या आणि स्वतः खुर्चीत बसल्या. “लोरेंझो, तुझ्या यादीत बारावं नाव घाल. माझं.”

लोरेंझोनं डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवला. “मिस अल्थीया, फोटोत माणसं अकराच आहेत.”

“दिसतात अकरा. बारावीला हिनं पुसलंय. मीच सांगितलं होतं तसं. शाळा सुटल्यावर मागच्या दारानं गेले होते हिच्याकडे.”

“तुम्ही आलात ते आठवतं,” व्हर्डेल म्हणाली.

“झालं तर मग.”

“कुठल्या फोटोसाठी, ते आठवत नाही. त्या महिन्यात तिघी-चौघी आल्या होत्या. सभाही तीन झाल्या.”

मिस अल्थीयांनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले, एकावर एक, बोटं जुळवून. “अर्नेस्टीन परवा रविवारी सगळ्यांदेखत काय म्हणाली, ऐकलंस?”

अर्नेस्टीन त्यांची चुलत बहीण. त्या अकरांमधली डावीकडून दुसरी, न्हाव्याची बायको.

“ऐकलं.”

“म्हणाली, आमची अल्थीया त्या रात्री पडदे ओढून घरात बसली होती, आणि आता प्रदर्शन निघालं तर तिला सभा आठवायला लागल्या. तिला तरी काय बोलू? चाळीस वर्षं ‘मी घरीच होते’ असं तिच्यापाशीही मीच खोटं बोलत होते. आधी नोकरीसाठी, मग पेन्शनसाठी. मग खरं सांगायला गेले तेव्हा खोट्याचीच सवय झाली होती लोकांना. माझ्या मागे पन्नास वर्षांचे विद्यार्थी आहेत, व्हर्डेल. त्यांच्या लेखी मी घरी बसले होते.”

“यादी उद्या बाराच्या आत छापखान्यात जायची आहे,” लोरेंझो सांभाळून म्हणाला. “पण आमचा नियम आहे, नुसत्या सांगण्यावर नाव घालत नाही. व्हर्डेल म्हणाली, की मी पुसलं, तर घालतो.”

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. होकार द्यायला काही लागत नव्हतं. पण व्हर्डेलनं आजवर फोटोंच्या पाठीवर जे लिहिलं ते आठवलं म्हणूनच लिहिलं होतं.

“तसं मला म्हणता येणार नाही,” ती म्हणाली. “फोटो काढ.”

लोरेंझोनं फोटो आणून टेबलावर ठेवला. व्हर्डेलनं भिंग घेतलं आणि डाव्या कडेपासून सुरुवात केली. रंगाची कड, कुंचल्याचा फटकारा, कागदाच्या चकाकीतला फरक. अर्ध्या तासानं तिनं भिंग खाली ठेवलं. एक फटकारा सापडला नव्हता.

“स्वतःची चोरी स्वतःला सापडेना,” मिस अल्थीया म्हणाल्या. “कापूस ओला कर आणि फिरव. रंग असेल तर निघेल.”

“नाही,” लोरेंझो म्हणाला. “फोटोला पाणी लावायचं नाही.”

“पाण्यानं माणूस शुद्ध करता, फोटो नाही होय?”

“बाई, फिरवू तरी कुठे?” व्हर्डेल म्हणाली. “रिकामी जागाच नाही. रेव्हरंडांच्या मागे खुर्च्या, खुर्च्यांमागे खांब.”

तिनं पुन्हा भिंग उचललं, पण लावलं नाही. नुसत्या डोळ्यांनी पाहत राहिली. युनियन हॉलमध्ये ती सतराव्या वर्षापासून नाचायला जायची. व्यासपीठावर खांब होते, आणि वाजवणारे त्यांना टेकून बसायचे. ढोलवाला, पियानोजवळचा, दोन तुतारीवाले.

“हॉलला खांब किती होते?” तिनं विचारलं.

“चार,” मिस अल्थीया म्हणाल्या. “दर जूनला निरोप समारंभात मीच कागदी फुलं गुंडाळायचे. चार खांब, चार गुंडाळ्या.”

लोरेंझो वाकला आणि बोटानं मोजू लागला. मग पुन्हा मोजलं. फोटोत खांब पाच होते. चार खांबांच्या प्रत्येकी उजव्या अंगाला फ्लॅशची काळी सावली पडली होती. पाचव्याला, रेव्हरंडांच्या खांद्यामागच्या, सावलीच नव्हती.

“मी नोंदीत पाच लिहिलेत,” लोरेंझो म्हणाला. “हॉलच्या वर्णनातही.”

“मीच खांब काढला,” व्हर्डेल म्हणाली, “आणि सावली विसरले.” तिच्या आवाजात त्यातल्या त्यात राग होता तो सावलीबद्दल. “पण आत कोण आहे ते अजून ठरलेलं नाही. बाई, तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा. त्या रात्री तुमच्याजवळ काय होतं ते सांगा. मग मी दिवा लावीन.”

“मला कोपऱ्यात बसवतेस?”

“तुम्ही मला पुष्कळदा बसवलंत.”

मिस अल्थीयांनी खुर्ची वळवली. “उशिरा पोचले, खाली जागा नव्हती. कुणीतरी वर पार टोकाला खुर्ची दिली; अर्नेस्टीन दुसऱ्या टोकाला, तिनं वळून पाहिलंच नाही. शाळेतून थेट आले होते, पेपर तपासायचे होते. गठ्ठा मांडीवर होता. सुतळी मिळाली नाही म्हणून केसांच्या फितीनं बांधला होता. रुंद पांढरी फीत, फुलगाठ मारलेली.”

लोरेंझोनं खाली दिवे असलेली काचेची पेटी लावली आणि फोटो तिच्यावर उताणा ठेवला. व्हर्डेल रंग नेहमीच पातळ द्यायची. जाड दिला की त्याला तडे जातात. खालचा उजेड कागदातून वर आला. खांब करडा झाला आणि त्याच्या आतून एक खांदा वर आला, हॅटची कड आली. चेहरा गढूळ राहिला. तो कुणाचाही असू शकला असता. पण मांडीवर चौकोनी गठ्ठा होता, आणि त्यावर पांढरी रुंद फीत, फुलगाठ मारलेली.

व्हर्डेलनं बराच वेळ पाहिलं. “या, बघा,” ती म्हणाली.

मिस अल्थीया उठल्या, पेटीवर वाकल्या.

“ते पेपर मी दुसऱ्या दिवशीही तपासले नाहीत,” त्या म्हणाल्या.

“रंग काढण्याची परवानगी मागता येईल,” लोरेंझो म्हणाला. “वरच्या समितीकडून. रविवारपर्यंत नाही होणार, पण होईल.”

“राहू दे. खांब चांगला काढलाय.” त्यांनी हातमोजे चढवले. “अर्नेस्टीनला सांगते, तुम्ही सगळे खुर्च्यांवर बसला होता. छप्पर मी धरलं होतं.”

त्या गेल्यावर व्हर्डेलनं फोटो पालथा केला. पिवळ्या पट्टीखाली जागा होती. मऊ पेन्सिल घेऊन, न दाबता, तिनं लिहिलं: ‘डावीकडून पाचवा खांब: मिस अल्थीया ड्यूबोस, शिक्षिका. युनियन हॉलला खांब चार. पाचवा मी काढला. व्ही. क्रेनशॉ.’ खाली तारीख घातली. पुसल्याची नोंद तिनं आयुष्यात पहिल्यांदाच केली होती. लोरेंझोनं यादीत बारावं नाव टंकलं आणि हॉलच्या वर्णनातला पाचाचा आकडा खोडला.

मग तिनं पुढचा फोटो उचलला आणि पालथा केला.

उद्या बुधवार. तळघर नऊला उघडतं, आणि छापखाना यादी बारापर्यंत घेतो. त्या महिन्यात मागच्या दारानं आलेल्या बाकीच्या दोघी-तिघी अजून कुठल्यातरी फोटोत होत्या.