विहिरी चाखणारा

विजयदुर्गापासून रेडीपर्यंतच्या किनाऱ्यावर माझ्या त्या वर्गसोबत्याइतका हेवा करण्याजोगा माणूस दुसरा झाला नाही, आणि हेवा करण्याचं ते काम मी ज्या निष्ठेनं केलं त्या निष्ठेनं पुढे नोकरीही केली नाही. आम्ही एकाच वाडीतले, एकाच बोटीनं मुंबईला गेलेले आणि कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या वर्गात एकाच बाकावर बसलेले. तरी सगळं यश हळूच त्याच्या बाजूला सरकायचं. दिसायला म्हणाल तर काही नाही. उंच, किंचित पोक काढून चालणारा, कानापर्यंत तेल ओघळतंय, एका चपलेचा अंगठा कायम तुटलेला. पण तो कुठल्याही घरी गेला की घरातली कर्ती बाई त्याला 'झिला', म्हणजे लेका, म्हणून थेट माजघरात न्यायची आणि मी ओटीवर त्याच्या तुटक्या चपलेची राखण करत बसायचो.

शेवटच्या वर्षाआधी मे महिन्याच्या सुटीत प्रत्येकानं आपापल्या मुलखातलं काहीतरी संशोधन करून आणावं, असं आमच्या प्राध्यापकांनी सांगितलं. मी पुष्कळ विचार करून रेडीच्या लोहखनिजाचा विषय घेतला. लोहखनिज म्हटलं की कसं भारदस्त वाटतं. पण गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता आणि मी जिच्या मागे लागलो होतो ती खनिजाची शीर हद्दीपाशी जाऊन सरळ त्यांच्या मुलखात शिरली. पोतंभर दगड मात्र मी घरी आणले. आईनं त्यातले चांगले जड निवडून खारातल्या कैऱ्यांवर दडपण म्हणून ठेवले. माझ्या संशोधनाचा तेवढाच उपयोग झाला. त्यानं विषय घेतला विहिरींचा. उन्हाळ्यात खाडीकाठच्या विहिरींना खारेपण कुठवर चढतं, एवढाच. हा विषय ऐकून मी मनातून खूष झालो होतो. म्हटलं, आता तरी हा मागे पडला.

चाचणीसाठी त्याच्याकडे रसायनाची एक बाटली होती. तिच्यामुळे त्याची बोटं काळी पडली होती, पण त्याचा खरा विश्वास स्वतःच्या जिभेवर. "जीभ आधी, बाटली नंतर," असं तो म्हणायचा. ताजं शेंदलेलं पाणी तोंडात घेऊन, डोळे मिटून तो इतका वेळ उभा राहायचा की भोवतीच्या बायकासुद्धा श्वास रोखून धरायच्या. मग तो 'गोड' म्हणाला की त्या घरात सण. आमच्याकडे आल्यागेल्याला गूळपाणी देतात. गुळानं जिभेची चव बिघडते म्हणून हा गूळ बाजूला सारायचा आणि पाणी मात्र तांब्याभर प्यायचा. कुणाला काही वाटत नसे. मी एकदाच त्याच्यासोबत गेलो असताना गूळ नको म्हटलं, तर त्या घरची काकू म्हणाली, "कित्याक रे, आमचो गूळ कडू आसा?" मी मुकाट्यानं दोन खडे खाल्ले.

खोटं बोलणं त्याला जमतच नसे. एका सावकाराच्या विहिरीचं पाणी चाखून हा चारचौघांत म्हणाला, "गुरांना चालेल." मी दाराकडे पाहू लागलो. सावकार पोट धरून हसला आणि त्यानं ह्याच्या खांद्यावर नारळांचा घड दिला. तेच मी म्हटलं असतं तर नारळ वरून पडले असते.

त्याच्या ह्या खरेपणाचा गवगवा झाला आणि मग विहिरींचं संशोधन भलत्याच वाटेला लागलं. मुलगी द्यायची तर तिला पाण्यासाठी किती चालावं लागेल हे आधी पाहायची आमच्याकडे रीत. मुलींचे बाप त्याच्याकडे येऊ लागले. "अमक्याच्या बावीचा पाणी गोड आसा मां?" म्हणून विचारायचे आणि हा तपासलेलं सगळं प्रामाणिकपणे सांगायचा. त्या सुटीत त्याच्या शब्दावर लग्नं जुळली आणि मोडलीही.

मला मात्र एकाच लग्नाची काळजी होती. खाडीपलीकडच्या गावची एक मुलगी मी जत्रेत पाहिली होती आणि ही गोष्ट फक्त त्याच्याकडे बोललो होतो. आता तिच्या घरची विहीर चाखायला हा दर आठवड्याला जाणार, तीच त्याला पाणी शेंदून देणार आणि मी रेडीला दगड फोडणार. माझ्या जिवाची कशी लाहीलाही होत होती ते सांगायला नको.

एके दिवशी तिचे वडील आमच्याच दारात आले. गृहस्थ मालवाहू मचव्याचे मालक, बोलायला रोखठोक. ओटीवर माझे वडील होते, मी होतो आणि दुर्दैवानं तोही होता. त्यांनी माझ्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. त्याच्याकडे वळून म्हणाले, "ह्यांच्या बावीचा काय?"

"खारट," तो म्हणाला. "ह्या दिवसांत आमटीत मीठ घालायला नको."

ते उठले, छत्री उचलली आणि गेले. त्याला त्याच विहिरीत ढकलावं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पहार घेऊन हजर. "घरामागच्या चढावर, जांभ्या दगडाच्या कपारीखाली गोड पाणी लागेल. चल." मी रागानं गेलो नाही. मग माझे वडील गेले, गडी गेले आणि शेवटी लाजेकाजेस्तव मीही गेलो. उरलेली सुटी आम्ही खणत होतो. पाणी लागलं तेव्हा वडिलांनी नारळ त्याच्या हातून फोडवला. मुलीचे वडील पुन्हा आले, स्वतः चाखून म्हणाले, "बरा आसा." परीक्षा झाल्यावर आमचं लग्न झालं.

तो पुढे मारवाडात पाणी शोधायच्या नोकरीवर गेला, मी तालुक्याच्या कचेरीत चिकटलो. घरात पाण्याचा घोट घेतला की कुणीतरी त्याची आठवण काढायचंच आणि मला तो घोट गिळवत नसे.

आता सासरे थकले आहेत. परवा आमच्याकडे मुक्कामाला होते. दुपारी विहिरीच्या काठावर बसून लेकीच्या लग्नाची नि त्याची आठवण काढून सहज म्हणाले, "माझ्या चेडवाक पैलो मी तेकाच बघलेलंय. तेच्या बापाशीकडे जावच्या आधी तेकाच इचारलंय, तुमच्या बावीचा पाणी कसा? तर तो म्हणालो, चैत्र लागलो की आमच्या बावीक खारेपण येता. मगे मी तुमच्याकडे इलंय."

त्याच्या घरची विहीर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिचं पाणी पिऊन मी लहानाचा मोठा झालो. डोंगराच्या कुशीतली विहीर ती. तिला खारं करायचं तर समुद्राला टेकडी चढून यावं लागलं असतं.

दर दिवाळीला तो येतो. एकटाच असतो, लग्न केलंच नाही. माझी बायको त्याला माझ्याआधी पाणी देते आणि मला अजूनही झोंबतं. त्याला ती आवडत होती का, एवढंच आता एकदा विचारायचं आहे. पण धीर होत नाही. विचारलं, तर तो खरं सांगेल.