दादांनी आणलेले ब्रेक पॅड

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला एक खोड असते. दुकानात गेलं की आपण आपसात मराठीत बोलायला लागतो. 'फार सांगतोय गं', 'निघू या, मागून बोलावेल', 'ह्याचा माल बरा दिसत नाही', सगळं त्या दुकानदाराच्या तोंडावर, हसत हसत. त्याला कळत नाही ह्याचं केवढं सुख! आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आल्यापासून मीही तेच करत आले. आपली भाषा म्हणजे आपला आडपडदा, अशी माझी पक्की समजूत होती.

त्या हिवाळ्यात साताऱ्याहून बाबा आले होते. निवृत्त माणूस, गुडघे दुखरे, पण डोक्यात एकच गोष्ट घेऊन आलेले. आमच्या घरातला कुणी एक पूर्वज पानिपतावर गेला तो परतला नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. संक्रांतीला तिळाची पहिली वडी आमच्याकडे त्याच्या नावाने बाजूला ठेवतात, मग बाकीच्यांना. बाबांना एकदा पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबच्या स्मारकाशी जाऊन उभं राहायचं होतं. "डोळे आहेत तोवर बघून घेतो," एवढंच म्हणाले. बाबा कधी काही मागत नाहीत, म्हणून मी ते मनावर घेतलं.

आमच्या मराठी मंडळातली मंडळी दरवर्षी संक्रांतीच्या सुमाराला गाड्या काढून तिकडे जातात. पुढाकार दादांचा. दादा म्हणजे माझे कुणी सख्खे भाऊ नव्हेत. ते माझ्यापेक्षा बरेच मोठे, लक्ष्मीबाई नगरात वाढलेले, बोलताना मराठीत हिंदी, हिंदीत पंजाबी मिसळणारे. नळ गळतोय, शाळेत ॲडमिशन अडलीय, गॅस मिळत नाही, की सगळे दादांना फोन लावणार. मीही लावायचे. भाऊबीजेला मी त्यांना ओवाळलेलं आहे, एकदा नाही, दरवर्षी. हे सांगितलं म्हणजे पुढचं का झोंबलं ते कळेल.

तर गाडीचे ब्रेक करकरायला लागले होते. सेक्टरच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने चाक उघडून सांगितलं, पुढचे पॅड संपलेत, नवे आणा, मी बसवून देतो. मी तशी चौकस बाई आहे. एकाच नावाच्या गाडीची दोन-तीन मॉडेलं असतात आणि पॅड प्रत्येकाचे वेगळे, हे वाचून ठेवलेलं. म्हणून झिजलेला जुना पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला. त्याच्या पाठीवरचा नंबर, गाडीचा चेसिस नंबर, सगळ्याचे फोटो मोबाइलमध्ये. दादा म्हणाले, "कश्मीरी गेटला माझा ओळखीचा आहे, मी येतो. तू एकटी गेलीस तर ते लोक तुला टोपी घालतील."

कश्मीरी गेटच्या त्या बाजारात गाडीच्या सुट्या भागांशिवाय दुसरं काही दिसतच नाही. गल्लीत हॉर्न, हातगाड्या, पुठ्ठ्याची खोकी. गाडीतून उतरताना मी पुडकं हातात घेतलं तर दादा हसले. "अगं, हे भंगार कुठे मिरवतेस? ठेव गाडीतच. आपल्या माणसावर भरवसा नाही का?" आता ह्यावर काय बोलणार! भरवसा नाही म्हणायची सोय होती का? ठेवलं बाई पुडकं गाडीच्या खणात.

दुकानदार दादांना गळामिठी मारून भेटला. चहा आला. मग दोघं पंजाबीत बोलत राहिले. दुकानदार एक खोकं काढून काहीतरी समजावत होता, मान हलवत होता. दादांनी घड्याळ बघितलं, त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि काहीतरी बोलून मोठ्याने हसले. दुकानदारही हसला. दोघं हसताहेत म्हणून मीही हसले. मी मराठीत विचारलं, "दादा, नंबर जुळतोय ना?" दादा म्हणाले, "बिल्कुल! अस्सल माल आहे, डोळे मिटून घे."

बसवताना मेकॅनिक कुरकुरला की कडेला जरा घासावं लागतंय. मी दादांना फोन केला. "नव्या पॅडला थोडं घासावंच लागतं," ते म्हणाले. मी मेकॅनिकला म्हटलं, घास.

जायच्या दिवशी पहाटे धुकं होतं. दादांची गाडी सगळ्यांत पुढे, हार आणि भगवा झेंडा त्यांच्याकडे. आम्ही सगळ्यांत मागे. बाबा माझ्या शेजारी, पांढरा सदरा, नवी टोपी, पट्टा लावून ताठ बसलेले. लहान मूल सहलीला निघावं तसे खूश होते. सोनीपतच्या पुढे धुक्यातून एकदम उसाची ट्रॉली समोर आली. मी ब्रेक दाबला. खर्रर्र आवाज झाला, गाडी डावीकडे ओढली गेली आणि थांबलीच नाही. वेग कमी होता म्हणून वाचलो. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर गाडीचं नाक आपटून थांबलो आणि बाबांचा दुखरा गुडघा समोर धडकला. ते ओरडले नाहीत. दोन्ही हातांनी गुडघा धरून म्हणाले, "तुला लागलं का गं?"

मी दादांना फोन केला. "बाप रे! कुणाला जास्त लागलं नाही ना? चलो, मग ठीक आहे. तुम्ही तिथेच थांबा, कार्यक्रम उरकून आम्ही येतोच." कार्यक्रम उरकून! मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "जाऊ दे त्यांना. झेंडा वेळेत पोचला पाहिजे." गुडघा टम्म सुजलेला आणि हे झेंड्याची काळजी करताहेत.

जवळच्या गॅरेजमध्ये चाक उघडलं. मी खणातलं पुडकं काढलं आणि जुना पॅड नव्याशेजारी धरला. कळायला शिक्षण लागत नव्हतं. जुन्याच्या कडेला खाचेत बसणारे दोन कान होते, नव्याचे कान वेगळ्या जागी, आणि घासून घासून त्यातला एक निम्मा उरलेला. तो पॅड माझ्या गाडीचा नव्हताच. तिथेच बरोबर पॅड बसवून घेतले आणि बाबांना डॉक्टरांकडे दाखवून आम्ही तसेच दिल्लीला परतलो. काला अंब तिथून कितीसं लांब होतं! पण बाबांना गाडीतून पाय खाली टेकवता येईना.

बाबांना जरा बरं वाटल्यावर मी एकटी त्या दुकानात गेले. भांडायलाच गेले होते, दोन्ही पॅड गल्ल्यावर आपटले. दुकानदाराने आधी पॅडकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मैडम, मैंने तो उसी वक्त कहा था, ये पुराने मॉडल का है. आपका वाला परसों आएगा. भाईसाहब बोले, परसों कौन आएगा, मुझे दफ्तर पहुँचना है, तू यही दे दे."

"माझ्यासमोर?" मी विचारलं.

"आपके सामने ही तो. आप भी हँस रही थीं."

मग मी तो हसण्याचा विषय काय होता ते विचारलं. तो सांगेना. फारच मागे लागले तेव्हा खाली बघून म्हणाला, "बोले, इन मराठी बहनजी को क्या पता चलेगा."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. पैसे खाल्ले असते तर एक वेळ परवडलं असतं. ह्या माणसाने एक चक्कर वाचवायला माझ्या म्हाताऱ्या बापाला त्या ब्रेकवर बसवलं. आणि माझ्याच समोर, माझी चेष्टा करून, माझ्याच हसण्याच्या साक्षीने! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. ज्याला ओवाळलं त्याने कापला.

दादांना मी फोनवरच विचारलं. आधी म्हणाले, दुकानदार खोटारडा आहे. मग म्हणाले, "अगं, तुलाच तर घाई होती यार. आणि इतके दिवस चालली ना गाडी?" शेवटी म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीवरून नातं तोडतेस?" मी फोन ठेवला. त्यानंतरच्या भाऊबीजेला मी दार उघडलं नाही. मंडळातल्या बायका म्हणतात, मी फार ताणलं. म्हणोत बापड्या.

एक गोष्ट मात्र केली नाही. बाबांना सांगितलं नाही. गुडघा बरा झाला नाही, चढ-उतार बंद झाला, पुन्हा दिल्ली होणे नाही हे त्यांना आणि मला दोघांनाही कळलेलं. साताऱ्याला परत जाताना ते म्हणत होते, "परमुलखात तुला असा भाऊ मिळाला, भाग्य लागतं." त्यांच्या तोंडचं तेवढं समाधान काढून घ्यायला माझी जीभ रेटली नाही.

परवा त्यांचा फोन आला. आवाजात केवढा आनंद! दादांनी त्यांना पार्सल पाठवलं होतं. ह्या वर्षी मंडळी गेली तेव्हा बाबांसाठी काला अंबची माती आणली म्हणे, डबीत भरून, सोबत चिठ्ठी. बाबांनी ती देव्हाऱ्यात ठेवलीय. रोज आंघोळ झाली की चिमूटभर कपाळाला लावतात.

"तिथलीच आहे बघ," बाबा म्हणाले, "हातात घेतली आणि अंगावर काटा आला."

"हो बाबा," मी म्हटलं.

आणखी काय म्हणणार? आणली असेलही त्यांनी, खरंच वाकून उचलली असेल. किंवा आठवण राहिली नसेल, आणि दफ्तराला उशीर होत होता म्हणून घराखालच्या कुंडीतली भरली असेल. मला माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. ब्रेकचं मी एखादे दिवशी विसरेनही. पण माझे बाबा रोज सकाळी कपाळाला काय लावतात, हे मला सांगता येत नाही.