तुझं आगर, माझं आगर

ये गो बाय, जवळ ये. त्या खुर्चीवर नको, इथं माझ्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी बस. तू समोर नाहीस हे मला ठाऊक आहे, तू तिकडे युनिव्हर्सिटीच्या होस्टेलात आहेस. पण कागदावर बोलायचं म्हटलं तरी मला माणूस जवळ लागतं. आणि आधी तुला रागावून घेते, मग बाकीचं. फोन लावला की तुझं एकच, "आजी, लॅबमध्ये आहे, नंतर करते." तुझं ते नंतर कुठल्या दिशेला उगवतं गं? डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंना वेळेवर ऊब देतेस, खाऊ घालतेस, रात्री उठून बघतेस म्हणे. आजी मात्र दिसते ना, म्हणून तिला बघायला नको.

असो. झालं रागावून.

मी शाळेची पायरी चढलेली नाही. तुझा बाप पहिलीत गेला तेव्हा त्याच्याच पाटीवर अक्षरं गिरवली, आणि पुढं भजी बांधून आलेला कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकला नाही. म्हणून बोलते तसंच लिहिते. तू हसशील, हस.

मला आठवतं ते मागच्या हंगामातलं, यंदाची नाही, त्याच्या आदली दिवाळी नुकतीच झाली होती. त्याच्याही आधीपासून तुझं चाललं होतं की टीम करायची आहे, सिंथेटिक बायोलॉजीची. आता सिंथेटिक म्हणजे माझ्या लेखी साडी. धुतली की वाळते, इस्त्री लागत नाही. तू मला समजावलंस, "आजी, प्रत्येक जिवाच्या आत सूचना लिहिलेल्या असतात. त्यातला एक तुकडा काढून दुसऱ्या जिवात शिवायचा."

"म्हणजे ठिगळ."

"ठिगळच, पण विचार करून लावलेलं."

पण टीम काही जमेना. तुझ्या वर्गातल्या पोरी म्हणाल्या, याचे मार्क मिळणार नाहीत तर कोण मरायला येतंय. एक जण हो म्हणाला आणि त्याला नोकरीचा कॉल आला. तू फोनवर नाक ओढत बोललीस आणि म्हणालीस, सर्दी झालीय. मला सर्दीतलं आणि रडण्यातलं कळतं गो. मग ती कॉम्प्युटरवाली उंच पोरगी मिळाली, तिच्या ओळखीनं चष्मेवाला मिळाला, आणि चौथी ती चित्रं काढणारी, जी सगळ्यांच्या आधी जेवायला बसते.

त्याच दिवसांत इकडे तुझ्या बापाचं वेगळंच चाललं होतं. आपलं खाडीकाठचं मिठागर केव्हाच गेलं, तिथं आता कंटेनरच्या भिंती उभ्या आहेत. राहिलाय तो बांधालगतचा एवढासा तुकडा. आजोबा गेल्यापासून त्यात कुणी पाणी घेतलं नव्हतं. तुझा बाप म्हणायचा, "आई, भराव घालू, दोन ट्रेलर उभे राहतील. न्हावा शेव्याच्या रस्त्यावर गाडी लावायला जागा आहे का कुठं?" त्याचं खोटं नव्हतं. रात्रभर गाडी चालवून आलेलं माणूस ते. मी आज सांगते, उद्या सांगते करत होते.

आणि तुझा फोन आला. ओरडतच होतीस, "आजी, टीम जमली! सरांनी लॅबमध्ये जागा दिली! आता पहिल्यांदा आगर करायचं, आणि थंडी सरली की आम्ही चौघं तुझ्याकडे येतोय!"

आगर करायचं! अगं, आपल्याकडे आगर म्हणजे मिठागर. दुसरा अर्थ मला माहीतच नाही. लग्न होऊन आले ती आगरात, तुझा बाप बांधावर रांगला. पुढं तू पाण्याचं काही बोललीस, मी ते ऐकलंही नाही. फोन ठेवला आणि तुझ्या बापाला म्हटलं, "भराव-बिराव काही नाही. पोरगी टीम घेऊन येतेय. आगर करणार आहेत."

तो माझ्याकडे बघत राहिला. "शिकलेली पोरं मीठ काढणार?"

"तुला काय करायचंय? बाप आहेस ना, गप बस."

दुसऱ्या दिवशी धाकट्या जावेला घेऊन बांधावर गेले. ती चिखल थापताना माझी फिरकी घेत होती. "बाय गो, गुडघ्यात जीव नाय नि आगर घालतेस?"

"नातीची टीम येनार हाय."

"टीम? कंची, कबड्डीची?"

"जंतूंची."

"मंग मच्छर तं तयारच हायेत," म्हणाली.

पण हात चालवत होती. आम्ही बांधाची भगदाडं बुजवली, उधाणाला खाडीचं पाणी आत घेतलं, वाफ्याचा तळ पायांनी तुडवून घट्ट केला. हे तुडवणं नुसतं चालणं नाही गं. टाच आधी, मग बोटं, मागं मागं सरकत, म्हणजे पाऊल उमटत नाही. आजोबा पुढं आणि मी मागं असे तुडवायचो. थंडी सरत आली तसं पाणी आटून तांबूस झालं. आगरातलं पाणी तांबूस झालं की समजायचं, आता मीठ धरणार.

तुम्ही आलात तेव्हा मी सगळी तयारी करून उभी होते. मीठ ओढायच्या लाकडी फळ्या माळ्यावरून काढून, दांडे नवे बसवून, चौघांना चार. तुमच्याकडे थर्माकोलचा एक डबा. मी फळी कॉम्प्युटरवालीच्या हातात दिली. तिचा बूट तोवर चिखलात अडकला होता. ती एका पायावर उभी राहून विचारते, "आजी, हे काय?"

"आगर करायचंय ना?"

तू माझ्याकडे बघितलंस, वाफ्याकडे बघितलंस, नव्या दांड्याकडे बघितलंस. तुझ्या लक्षात आलं. तू डबा उघडून एक बारकी, झाकणाची ताटली काढलीस. आत पिवळसर, थरथरणारं काहीतरी.

"आजी, आमचं आगर हे."

"हे? हे तर चायना ग्रास! ईदला शेजारून यायचं ते."

चष्मेवाला म्हणाला, "तेच ते, आजी. समुद्राच्या शेवाळापासून करतात. आम्ही त्याच्यावर जंतू वाढवतो."

जाऊ हसता हसता बांधावरच बसली. "एवरं आगर घातलं हिनं, नि पोरांचं आगर ताटलीत!" तुम्ही हसलात, मीही हसले. हसताना पदर डोळ्यांना लागला, तो जावेनं बघितला आणि लगेच उठून म्हणाली, "चला रं पोरांनू, भाकऱ्या थंड होतात."

जेवताना तू मला नीट सांगितलंस. तांबूस पाण्यात मीठ सोसणारे जंतू असतात, पाण्याला रंग त्यांचाच. त्यांचं ते सोसणं दुसऱ्या एका जंतूला देता येतं का, हे तुम्हाला बघायचं होतं. भाताच्या मुळाशी राहणाऱ्या जंतूला. खारेपाटात बांध फुटून खारं पाणी शिरलं की शेत वर्षानुवर्षं पडून राहतं, ते तू लहानपणापासून बघत आलीस. मी विचारलं, "मग ते शेतात सोडणार?"

"नाही गं आजी. काचेच्या बाहेर काढायचं नाही. आधी जमतंय का तेवढंच बघणार."

तांबूस पाण्यानं तुमच्या काचेच्या नळ्या भरून झाल्यावर तू फळी उचललीस. बाकीचेही उतरले. कॉम्प्युटरवालीची फळी मांजर पळाल्यासारखी वाकडी जायची, चित्रवाली मीठ चाटून बघायची. आणि तू अनवाणी, मागं मागं सरकत. तुला कुणी शिकवलं होतं? मी तर नाही. निघताना गळ्यात पडून म्हणालीस, "दर वर्षी येऊ आजी, हंगामाला. याच वाफ्यातलं पाणी नेऊ." तुझ्या बापानं ते ऐकलं. वर्षभर भरावाचं नाव काढलं नाही.

मी या वर्षीही पाणी घेतलं. आणि गेल्या आठवड्यात तुझा फोन. किती खुशीत होतीस! आपल्या पाण्यातले जंतू ताटलीत नीट वाढेनात, त्यात भलतेच काही मिसळलेले, म्हणून आता निवडलेले, शुद्ध जंतू नळीतून कुरिअरनं येतात. काम भराभर चाललंय. "म्हणजे आता पाण्यासाठी यायची गरज नाही, आजी, तुझाही त्रास वाचला."

मी म्हटलं, "बरं झालं गो." खरंच बरं झालं. तुमची टीम टिकली, काम चाललं, यापेक्षा मला काय हवंय? फोन ठेवून बांधावर जाऊन बसले. पलीकडे क्रेन कंटेनर उचलत होती. वाफा तांबूस झालाय, कडेला पांढरी साय धरायला लागलीय. कुणाला सांगायचं कळेना, म्हणून जावेला हाक मारली. ती आली, शेजारी बसली आणि बांधाची सुटलेली ढेकळं हातानं थापत राहिली. एरवी ती फिरकी घेतल्याशिवाय राहणारी आहे का!

काल रात्री जेवताना तुझ्या बापानं परत विचारलं, फार हळू विचारलं. मी हो म्हटलं. पावसाच्या आधी भराव पडेल. तू यात मन घालू नकोस. तुझी वाट बघणारा एक वाफा ठेवायचा आणि तुला त्याला बांधायचं, असं मला नको. तुझ्या पायाशी दुसरी वाट आहे, चांगली आहे.

फक्त भरावाचा डंपर यायच्या आधी ये. नळ्या नकोत, डबा नको, कामाचं काही नको. मीठ मी आणि जाऊ ओढू, नाही ओढवलं तर राहील. तू नुसती कडेला पाय सोडून बस, चार गोष्टी सांग, मला कळल्या नाहीत तरी सांग. टीमला घेऊन आलीस तर जवळ्याची चटणी जास्त करीन. त्यांना सवड नसेल तर एकटी ये. पण ये बाय, आणि नंतर म्हणू नकोस, लवकर ये.