भूतकाळ येईपर्यंत

नवऱ्याला मॉन्ट्रियलच्या विमान कारखान्यात नोकरी लागली आणि मी त्याच्यामागोमाग आले. नाशिकला मी बँकेत होते. इथे फ्रेंच येत नसेल तर नोकरीसाठी कुणी दारात उभं करत नव्हतं, म्हणून नव्याने आलेल्यांसाठीच्या फ्रेंच वर्गात नाव घातलं.

शेजारच्या बाकावर मेक्सिकोची एक बाई बसायची. माझ्यासारखीच पन्नाशीला टेकलेली. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला स्पॅनिश. आम्हाला एकमेकींशी मोडक्या फ्रेंचमध्ये बोलता यायचं ते भाज्या, हवामान आणि घरातली माणसं यांवर, तेही फक्त वर्तमानकाळात. तिने फोनवर एक फोटो दाखवला. "हा माझा मुलगा. त्याला भोपळ्याची फुलं आवडतात."

एका शनिवारी ती मक्याच्या पिठाची पिशवी घेऊन आमच्याकडे आली. पिठाचे गोळे प्लास्टिकच्या दोन कागदांत दाबून ती पोळ्या करू लागली. मी एक गोळा परातीत घेऊन हाताने थापला. भाकरी कडेला चिरली, पण तव्यावर टम्म फुगली. ती माझ्या हातांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आंकोर." म्हणजे, पुन्हा कर.

मग तिने पिशवीतून दारूची बाटली काढली. 'आमच्या घरात बायका पीत नाहीत' हे वाक्य मला फ्रेंचमध्ये जुळवता येईना. जुळवेपर्यंत तिने ग्लास भरला होता. दारूला चुलीच्या धुराचा वास होता. मला ती आवडली. ठेचा तिने चमच्याने खाल्ला आणि लिंबू कमी आहे म्हणाली. त्यानंतर अख्खा हिवाळा शनिवारी आम्ही एकत्र जेवलो.

बर्फ वितळायच्या सुमारास वर्गात भूतकाळ शिकवला. पुढच्या शनिवारी भाजी चिरताना ती म्हणाली, "माझ्या मुलाला कांदा आवडत नव्हता."

मी चूक सुधारली. "नव्हता नाही. 'आवडत नाही' म्हण."

"नाही," ती म्हणाली, "नव्हता. तो गेला. इथे यायच्या आधी."

सांत्वनाचे शब्द आम्हाला अजून शिकवले नव्हते. मी गॅस बारीक केला, तिच्या हातातली सुरी घेतली आणि उरलेला कांदा बाजूला सारला. तिने तो परत ओढला. "तू खातेस ना," म्हणाली.

तो काय खायचा, कशावरून रुसायचा, हे मग ती हळूहळू सांगत गेली. क्रियापदं चुकायची. मी पुन्हा कधी सुधारली नाहीत.

आता मी एका पतपेढीत काउंटरवर बसते, ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. दोघींचं फ्रेंच बरं झालंय. त्यामुळे आम्ही भांडतोही, बहुतेक राजकारणावरून. सुट्ट्या क्वचित जुळतात. जुळल्या की डबे घेऊन बागेत बसतो आणि आपापल्या साहेबांच्या तक्रारी सांगतो.