जिभेकडची कड

अक्का दाताची कॅप तपासताना डोळे मिटायच्या. दवाखान्यातला पंखा बंद, माझं तोंड बंद आणि पेशंटचं उघडं. दात आणि कॅप जिथे मिळतात, त्या कडेवरून अक्का प्रोबचं, म्हणजे दात तपासायच्या सळईचं, बारीक टोक हळूहळू फिरवत न्यायच्या. त्या वेळी चेहरा असा व्हायचा, की पेशंटला वाटावं, या बाई कुणाचा तरी आत्मा बोलावतायत. टोक कुठेही अडकलं नाही की "बसली" म्हणून डोळे उघडायच्या. अडकलं, म्हणजे फट राहिली, तर कॅप परत लॅबला.

धुळ्यातल्या त्यांच्या दवाखान्यात मी नवी डॉक्टर म्हणून लागले, तेव्हा मला हे नाटक वाटायचं. एक्स-रे कशाला असतो मग? शिवाय जिभेकडची बाजू, जी कुणाला दिसत नाही आणि दुसरं कुणी घासत बसत नाही, तीही त्या स्वतः घासून गुळगुळीत करायच्या. मी एकदा वैतागून म्हटलं, "अक्का, तिथे कोण बघणारे?"

"जीभ बघते ना," त्या म्हणाल्या. "दिवसभर तिला दुसरा उद्योग काय?"

मग एका दुपारी चाळीसगावकडची एक बाई पोलिसांबरोबर आली. तिचा नवरा बरेच दिवस बेपत्ता होता आणि त्याच्या दाढेला कॅप अक्कांनीच बसवली होती. एका पडक्या विहिरीत हाडं सापडली होती. हवालदारानं डब्यातून जबड्याचा तुकडा काढला. त्यात एकच दाढ होती, कॅपसकट. बाईच्या कपाळावर ठळक कुंकू होतं.

"अक्का, हाऊ दात त्यासना नही शे, आसं सांगा ना," ती अहिराणीत हळूच म्हणाली.

अक्कांनी पंखा बंद करायला लावला. डोळे मिटले. टोक कडेवरून फिरलं, जिभेकडच्या बाजूला गेलं आणि कुठेही न अडकता परत आलं. त्यांनी ते पुन्हा फिरवलं. या खेपेला त्या फट शोधत होत्या, हे मला त्यांच्या हातावरून कळत होतं. जन्मभर जिच्याशी वैर धरलं, ती फट त्यांना आज हवी होती. ती सापडली नाही. त्यांनी डोळे उघडले, पण "बसली" म्हटलं नाही. बाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती भिंतीला टेकली. पोलिसांच्या तपासणीतही पुढे तेच निघालं.

त्यानंतर अक्का पेशंटला आधी बोलतं करायच्या. गाव कुठलं, आज जेवायला काय होतं, असं काहीबाही विचारायच्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "डोळे मिटले की तोंड गार लागतं गं. श्वास हाताला लागत नाही."

त्यांनी बसवलेली शेवटची कॅप माझ्या दाढेवर आहे. टोक फिरता फिरता मध्येच थांबलं. "बोल काहीतरी," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. आ वासलेल्या तोंडानं मी कसंबसं "अक्का" म्हटलं.

"बसली," त्या म्हणाल्या.

गेल्या महिन्यात अक्का गेल्या. त्यांच्या घरून परतताना माझी जीभ आपोआप त्या कडेवर गेली. ती गुळगुळीत आहे, कुठेच लागत नाही. अक्कांची फार आठवण येते, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटते. उद्या माझं काही बरंवाईट झालं, तर डोळे मिटून ही कड ओळखणारं आता कुणी उरलेलं नाही.