नळ, नाना आणि नानांचा मेहुणा

किस्से कोणी जमवत नाही हो, ते आपोआप साचतात! ऐंशी-पंच्याऐंशीच्या काळात माझा टायपिंग क्लास होता बोरीवली पूर्वेला, नगरसेवक नानांच्या ऑफिसला चिकटून. मध्ये नुसतं प्लायवूडचं पार्टिशन, पलीकडचं सगळं ऐकू यायचं. त्यात मी जन्माची संशयी. भाजीवालीने न मागता मोठी जुडी दिली तरी मी ती उलटून बघते!

आमच्या चाळीला नळ नव्हता. बेचाळीस बिऱ्हाडं, आणि पाणी आणायचं पलीकडच्या गल्लीतून. हंडे वाहून वाहून माझी कंबर गेली. त्यामुळे निवडणुकीला उभा राहणारा माणूस कसाही असो, हा नळ आणेल का, एवढंच आम्ही बायका बघायचो.

*

तेव्हा कशालाही नगरसेवकाचा दाखला लागायचा. 'मी यांना गेली दहा वर्षे व्यक्तिशः ओळखतो. यांची वर्तणूक आजपर्यंत चांगली आहे.' नाना एका दमात पन्नास कोऱ्या लेटरहेडवर सह्या ठोकायचे आणि गठ्ठा माझ्याकडे द्यायचे. नाव मी घालायचं.

एकदा हवालदार आला. पकडलेल्या खिसेकापूच्या खिशात नानांचा दाखला सापडला होता!

"नाना, ह्याला तुम्ही दहा वर्षं ओळखता?"

"ओळखतो ना! दाखल्याची तारीख बघा. गेल्या महिन्यापर्यंत चांगला होता!"

हवालदार चहा पिऊन गेला. मग पार्टिशनवर टकटक झाली. "सुलभाताई, कोण हो हा?"

*

पुढच्या निवडणुकीचं हँडबिल माझ्याकडेच टाइप व्हायला आलं. मी विचारलं, "नाना, शिक्षण काय लिहू?"

"मॅट्रिकला तीनदा बसलो."

"म्हणजे नापास?"

"छे छे! नापास कशाला लिहिता? चिकाटी लिहा!"

लिहिलं. छापताना तो शब्द सगळ्यात मोठा आला.

*

नानांच्या विरोधात एक वकील होते. बी. ए. एलएल. बी., इंग्रजी फाडफाड. चाळीत एक म्हातारे गेले तेव्हा दोघंही उमेदवार आले. वकीलसाहेब नाकाला रुमाल लावून लांब उभे. नाना मांडी घालून बसले आणि तिरडी बांधायला लागले, गाठीसुद्धा अगदी सफाईदार!

मी आमच्या तावडेकाकींना म्हटलं, "काकी, वकील शिकलेला आहे हो."

काकी मालवणच्या. म्हणाल्या, "शिकलेलो आसा, पण तेका तिरडी बांधूक येता काय? माका खंय कोर्टात जावचा आसा? माका मसणात जावचा आसा!"

*

तिसरे उमेदवार होते कांबळेसर, शाळामास्तर. शाळेच्या खडूने घरचा हिशेबसुद्धा लिहायचे नाहीत असा माणूस! आम्हीच त्यांना उभं केलं होतं.

चाळीत तिघांची सभा झाली. मी उठून विचारलं, "नळ कधी येणार?"

वकील म्हणाले, "कायदेशीर बाजू तपासावी लागेल." सर म्हणाले, "खरं सांगू का ताई? मंजुरी आणि सगळं धरून दोन वर्षं तरी जातील." नाना उभे राहिले आणि नुसतं म्हणाले, "दिवाळीच्या आत!"

काय टाळ्या पडल्या! मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू? सर माझ्याकडेच बघत होते, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

नाना निवडून आले. दारात चर खणला गेला, पाइप येऊन पडले. आम्ही बायकांनी पाइपांना हळदकुंकू वाहिलं! आठ दिवसांत पाइप गायब. चर तसाच उघडा, आणि नानांच्या दारात नवीकोरी फियाट.

मी तडक ऑफिसात शिरले. "नाना, पाइप कुठे गेले?"

"कंत्राट मेहुण्याकडे आहे. त्याला विचारा."

"आणि फियाट?"

"मेहुण्याचीच."

"हा मेहुणा कोण? कधी दिसला नाही तो!"

"अहो, बायकोचा सख्खा भाऊ! नात्यातल्या माणसाच्या कामात मी तोंड घालत नाही. तत्त्व आहे माझं!"

कंत्राटदाराच्या ऑफिसवर चार खेपा घातल्या. दरवेळी कुलूप. शेवटी तावडेकाकींचं डोकं चाललं. "अगो, भाऊबीजेक तरी भयणीकडे येतलो मां ओवाळून घेवक? थंयच धरूया मेल्याक!"

झकास! भाऊबीजेला संध्याकाळी आम्ही सातजणी रिकामे हंडे घेऊन नानांच्या घरी धडकलो. नाना बाहेर गेले होते. वहिनी बिचाऱ्या साध्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांना वाटलं, आम्ही फराळाला आलो. त्यांनी चकल्या पुढे केल्या. पण मी एकीलाही हात लावला नाही, इतका संताप झाला होता. पाणी भरण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. म्हटलं, आज त्याची कॉलर धरून विचारायचंच.

दिवेलागण झाली. वहिनींनी ताटात निरांजन लावलं, सुपारी ठेवली, डोक्यावरून पदर घेतला. काकींनी मला कोपर मारलं. आम्ही पटापट उठून दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिलो.

वहिनी दाराकडे आल्याच नाहीत. गॅलरीत गेल्या आणि वर चंद्राची बारीकशी कोर होती, तिला ओवाळायला लागल्या.

मी मागोमाग गेले. "वहिनी, भाऊ यायचेत ना अजून?"

"कुठला भाऊ गं?" वहिनी म्हणाल्या. "आम्ही तिघी बहिणीच. मी जन्मभर चंद्रालाच ओवाळत आले!"